जिप्सीचा घरगुती मागचा बंपर आणि स्टेपनीचं दार

मारुती जिप्सीला २३५/७५ आर १५ चे रुंद टायर चढवले की मागचं काम आपोआप अंगावर येतं. मूळ दारावर स्टेपनी टांगलेली असते ती मूळ टायरच्या, म्हणजे अरुंद एफ७८-१५ च्या हिशेबाने. माझं नवं चाक लोखंडी रिमसकट भंगारवाल्याच्या काट्यावर २७ किलो भरलं. एवढं वजन पातळ पत्र्याच्या दारावर टांगून राधानगरीकडच्या जांभ्याच्या वाटांनी गाडी आदळत नेली, की बिजागरीभोवतीचा पत्रा आधी नुसता हलतो, मग रंगाला केसाएवढी रेघ पडते आणि तिथूनच तो चिरत जातो. यात दाराचा दोष नाही, टायर मी बदललेत. रेघ दिसली तेव्हाच ठरवलं की स्टेपनी दारावरून काढायची, मागे लोखंडी बंपर करायचा आणि त्यावर बाजूला उघडणारा वेगळा कॅरिअर बसवायचा.

तयार बंपर मिळतात. पाहिले, एकदोन उचलूनही पाहिले, आणि तिथंच नको म्हटलं. जाड पाटीचे, रणगाड्याला शोभतील असे. जिप्सीचं रिकामं वजन जेमतेम हजार किलो. मागच्या एक्सलच्याही मागे लटकवलेला प्रत्येक किलो पुढची चाकं थोडी हलकी करतो आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे दाबतो. चढावर नेमकी पुढच्या चाकांची पकड हवी असते. म्हणून आधी आकडा ठरवला. बंपर, कॅरिअर, बिजागरी, सगळं मिळून चाक सोडून ४५ किलोच्या आत. पुढचे सगळे निर्णय या आकड्यानेच घेतले.

हे काम कोल्हापुरात केलं म्हणून जमलं असं मी मानतो. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, कोपऱ्यावर बेअरिंगचं दुकान, पलीकडे गॅस कटिंगवाला. ऑइल इंजिनं आणि ओतकामावर वाढलेली वस्ती ही. कागदावर चित्र काढून नेलं की माणूस चहा मागवतो आणि चित्रात काय चुकलंय ते सांगायला लागतो.

बंपरला ९६ बाय ४८ चा, ४ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला. मीटरला आठ किलोच्या आसपास पडतो. तो उभा ठेवला, म्हणजे ९६ ची बाजू वरखाली. वाकायला तो त्या दिशेने जास्त ताठ असतो, आणि बिजागरीची पिन पकडायला उंचीही मिळते. दोन्ही टोकं खालून तिरकी कापली, नाहीतर ओढ्यातून बाहेर निघताना कोपरा आधी टेकतो. जस्त चढवलेला जीआय पाइप स्वस्तात मिळत होता, घेतला नाही. जस्ताचा थर जळाला की निघणारा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो.

चेसिसला जोडणाऱ्या पाट्यांची मापं आधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढली, पुठ्ठा गाडीला लावून भोकं जुळवली आणि मग ८ मिलिमीटरच्या पाटीवर उतरवली. चेसिसला वेल्डिंग अजिबात मारलं नाही. सगळं ८.८ ग्रेडच्या १२ मिलिमीटर बोल्टांवर. बोल्ट पोकळ चेसिसमधून आरपार जातात, तिथं आत पाइपचे तुकडे घातले. ते नसतील तर बोल्ट आवळताना चेसिसच चेपते, आणि मग बोल्ट कधीच नीट घट्ट राहत नाही. जुळवणी गाडीवर, पण टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपकेसुद्धा, बंपर काढून लोखंडी घोडीवर ठेवूनच मारले. जिप्सीची पेट्रोलची टाकी मागेच आहे, आणि ठिणगीला हे समजावून सांगता येत नाही.

इथवरचं काम म्हणजे फॅब्रिकेशन. गेट-ग्रिल करणारा कुठलाही चांगला कारागीर ते करून देईल. खरा प्रश्न बिजागरीचा. आपण बंपर करतोय असं म्हणतो खरं, पण करत असतो एक दार. एका कडेला टांगलेलं, २७ किलोचं चाक छातीवर घेऊन आयुष्यभर आदळे खाणारं दार.

हिशेब सोपा आहे. पिनीपासून चाकाचा मध्य ६५ सेंटिमीटरवर. वर चाक धरणाऱ्या कॅरिअरच्या दांड्याचं स्वतःचं दहा किलो. दार उघडं असताना पिनीवर सुमारे २२ किलोग्रॅम-मीटरचा पीळ, म्हणजे वाकवणारा जोर, येतो. पिनीवरच्या दोन बेअरिंगांत १२ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर प्रत्येक बेअरिंगवर आडवा जोर १८५ किलोच्या घरात. खड्ड्यात आदळलं की हाच तिप्पट धरायचा. लोखंडी गेटाची साधी बिजागरी इथं काही महिन्यांत ढिली होते, आणि टोकाला दांडा खाली येतो. टेपर रोलर बेअरिंगला, म्हणजे तिरके रोलर असलेल्या बेअरिंगला, मात्र हे काहीच नाही. ३०२०६ नंबरचं बेअरिंग घेतलं, आत ३० आणि बाहेर ६२ मिलिमीटर. ते टनांत वजन घेतं, कुठल्याही दुकानात मिळतं आणि उद्या खराब झालं तर बेळगावातही मिळेल.

मग पिन कशाची, यावर लेथवाले मामा आणि वेल्डर यांची जुंपली. मामा म्हणाले, "साध्या लोखंडाची पिन घालून काय गेट लावायलाईस व्हय? ईएन-८ घाल." वेल्डर तिथंच विडी ओढत होता. "ईएन-८ला वेल्डिंग मारतोय मी, आन् उद्या तडकली की माझ्या नावानं शंख करतंय हे पोरगं."

दोघंही बरोबर होते. ईएन-८ ही पोलादाची एक जात, तिच्यात कार्बन जास्त, साधारण ०.४ टक्के. पिनीला ताकद त्यातूनच येते. पण थंड ईएन-८ वर वेल्डिंग मारलं की जोडाशेजारचा पट्टा झपकन थंड होऊन काचेसारखा कडक होतो, आणि चीर नेमकी तिथून जाते, जोडातून नाही. तोड अशी निघाली: पिन ईएन-८ चीच, पण जोडायची जागा आधी गॅसने सावकाश तापवायची, पाण्याचा थेंब टाकला तर टिकू नये इतकी. वेल्डिंगचे रॉड ७०१८ नंबरचे, तेही ओव्हनमध्ये भाजून कोरडे केलेले, कारण हे रॉड हवेतला ओलावा ओढतात. जोड झाला की लगेच कोरड्या राखेत पुरून ठेवायचा, थंड व्हायला रात्रभर. पाणी मारून "लवकर" गार करायची सवय असलेल्या पोराला वेल्डरने बादलीसकट बाहेर घालवलं.

पिन खाली ३६ मिलिमीटर, वर बेअरिंगसाठी ३०, शेंड्याला आटे. ती पाइपच्या नुसत्या वरच्या अंगाला उभी केली असती तर ४ मिलिमीटरच्या पत्र्यावर सगळा पीळ आला असता. म्हणून पाइपच्या वर आणि खाली १० मिलिमीटरच्या पाट्या घेतल्या, पिन दोन्हींतून आरपार नेली आणि दोन्हीकडे जोडली. पिनीला आता ९६ मिलिमीटरची मुळं आहेत. वेल्डिंगआधी बंपर पाणसळीने सपाट केला आणि पिनीला दोन्ही बाजूंनी गुण्या लावून पाहिला. पिन तिरकी गेली तर सपाट जमिनीवरही दार आपोआप एका बाजूला पळतं.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे बेअरिंगचं घर, जाड पाइपचा तो तुकडा ज्याला कॅरिअरचा दांडा जोडतात. आधी ६२ चं बोअरिंग करून मग त्याला दांडा जोडला, तर वेल्डिंगच्या उष्णतेने भोक अंडाकार होतं आणि बेअरिंग बसत नाही. बसलं तरी एका बाजूला दाबलं जातं. मामांनी आधी तुकड्याला फक्त एक आखूड कान जोडून घेतला, मग लेथवर बोअरिंग केलं. लांब दांडा त्या कानाला नंतर जोडला, भोकापासून दूर. बोअरिंग झाल्यावर त्यांनी बेअरिंगची बाहेरची रिंग तोंडावर ठेवली, वर लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडीचे हलके ठोके चारी बाजूंनी फिरवत दिले. आवाज "ठक ठक" होता तो एकदम "टण्ण" झाला. "बसली," म्हणाले. पाहायचीसुद्धा गरज नव्हती.

दोन्ही बेअरिंगांत ग्रीस, खाली ऑइल सील, वर खाचांचा नट. नट दार जड फिरेपर्यंत आवळायचा, मग एक खाच सैल करून स्प्लिट पिन घालायची. बोटाने ढकललं की दार फिरलं पाहिजे आणि टोक धरून वरखाली हलवलं तर अजिबात खेळ लागता कामा नये.

आता बंद केल्यावरचं. दार बंद असताना वजन बिजागरीवर ठेवायचं नाही, ते दुसऱ्या टोकाला बंपरवर टेकवायचं. त्यासाठी तिथं एक उतरती पट्टी जोडली. दांडा शेवटच्या दोन इंचांत तिच्यावर चढतो आणि किंचित उचलला जातो. खाली कन्व्हेअर बेल्टच्या रबराचा तुकडा आहे. वरून टॉगल क्लॅम्प (खटका दाबून आवळायची पकड) आवळला की दांडा रबरात रुतून बसतो, खडखड नाही. क्लॅम्प निसटू नये म्हणून आरपार एक पिन. उघड्या दारासाठीही अडकवण हवंच, नाहीतर उतारावर सामान काढताना चाकासकट दार पाठीत बसतं. स्प्रिंगची पिन आणि भोक पाडलेली पाटी, एवढ्यावर भागलं. आणि बिजागरी घ्यायची ती गाडीच्या दाराच्याच बाजूला, म्हणजे दोन्ही एकाच दिशेला उघडतात.

चाक बसवायच्या पाटीवर गाडीचेच १२ मिलिमीटरचे, १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे स्टड (चाकाचे बोल्ट) घेतले. पाचांपैकी तीन पुरतात, आणि चाकाचाच पाना चालतो. पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, १३९.७ मिलिमीटर, जुन्या जीपचीच.

ओढायच्या कड्यांसाठी २० मिलिमीटरची पाटी बंपरमधून आरपार काढून मागे चेसिसच्या पाटीला जोडली. पट्टा अडकवायच्या पाऊण इंची डी-शॅकलची (लोखंडी कडीची) पिन २२ मिलिमीटरची असते, भोक २५ चं ठेवलं. नुसत्या बंपरच्या तोंडावर कान चिकटवून त्याला पट्टा लावणारे लोक मी पाहिलेत. चिखलात रुतलेली गाडी झटक्याने ओढताना असा कान सुटला, तर तो गोळीसारखा जातो.

कायद्याचं सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डविरुद्ध राज्यांना लिहिलं होतं. असा बंपर घेऊन रोज ऑफिसला जायचं म्हणत असाल, तर दंड धरून चाला. माझा मूळ बंपर आणि त्याचे बोल्ट माळ्यावर आहेत, सगळं बोल्टवर असल्यामुळे बदलायला एक सकाळ पुरते. नंबरप्लेटची जागा मात्र स्टीलला हात लावण्याआधीच ठरवा. स्टेपनी ना प्लेट झाकता कामा नये, ना दिवे, आणि प्लेटवर पांढरा उजेड पडला पाहिजे. नव्या हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे "नंतर सरकवू" हा पर्याय नाही.

रंगाचं फार नाही. खाली पाणी निघायला भोकं, रेड ऑक्साइड, वर साधा काळा एनॅमल. पावडर कोटिंग देखणं दिसतं, पण दगडाने टवका उडाला की त्याखाली गंज पसरत जातो आणि कळतही नाही. एनॅमलला ब्रश मारला की झालं. सगळं मिळून ४१ किलो भरलं.

आता मित्र मागे लागलेत, रिकामी जागा दिसतेय, जेरीकॅनचा स्टँड लाव. २० लिटर पेट्रोलचं १५ किलो, वर डबा, आणि तेही पिनीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला. शिवाय मागून कुणी ठोकलं तर पहिलं फुटणार ते तेच. फावडं लावेन फार तर.