लाऊ बेसिनचे छेद: वालू फा पर्यंत पोचलो

नैऋत्य पॅसिफिकमध्ये टोंगाजवळ समुद्रतळ दोन बाजूंना उघडतो त्या पट्ट्याचे, म्हणजे ईस्टर्न लाऊ स्प्रेडिंग सेंटरचे आडवे छेद (तळाच्या उंच-सखलपणाच्या रेषा) काढायचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय, म्हणून अपडेट टाकतोय. थोडक्यात सेटिंग सांगतो, टोंगा खंदकात पॅसिफिक प्लेट पश्चिमेकडे खाली घुसते, तिच्यावर तोफुआ ज्वालामुखींची रांग उभी आहे आणि त्या रांगेच्या पाठीमागे समुद्रतळ फाटून नवं कवच बनतंय, ते म्हणजे लाऊ बेसिन. ग्रिड जेबकोचा (जगभरच्या समुद्राच्या खोलीचा खुला डेटा), छेद आणि नकाशे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

मला हे बेसिन निवडायचं कारण एकच, इथे पुस्तकी नियम उलटा पडतो. मध्य-महासागरी रिजचं (महासागरातली डोंगररांग, जिथे तळ उघडून नवं कवच बनतं) गणित आपल्याला पाठ असतं: उघडण्याचा वेग जास्त तर मॅग्मा भरपूर आणि अक्षावर (उघडण्याच्या मधल्या रेषेवर) उंचवटा, जसं ईस्ट पॅसिफिक राइजवर, वेग कमी तर मधोमध खोल दरी, जसं अटलांटिकमध्ये. लाऊमध्ये दक्षिणेकडची वालू फा रिज वर्षाला साधारण 4 सेंमीने उघडतेय आणि उत्तरेकडे हाच वेग 9 सेंमीच्या वर जातो, म्हणजे उत्तरेला दणदणीत उंचवटा हवा ना? छेद एकाखाली एक लावले तर नेमकं उलट दिसतं. वालू फा चा छेद धारदार, उभ्या कण्यासारखा, माथा 2 किमीपेक्षाही कमी खोलीवर, आणि उत्तरेकडचा अक्ष अडीच किमीच्या पलीकडे खोल, सपाट, बाजूला भ्रंशांच्या पायऱ्या. रंग न भरता नुसत्या रेषा बघितल्या तरी फरक कळतो.

कारण वेगात नाही, अंतरात आहे. वालू फा ज्वालामुखींच्या रांगेपासून जेमतेम 40 किमीवर आहे, उत्तरेचं टोक शंभराच्या वर. खाली जाणारी प्लेट पाणी सोडते, ते वरच्या प्रावरणात शिरतं आणि खडकाचा वितळणबिंदू खाली येतो (बर्फावर मीठ टाकल्यासारखं), त्यामुळे रांगेच्या जवळ असलेल्या रिजला संथ उघडत असूनही भरपूर मॅग्मा मिळतो. कवच जाड होतं, नेहमीच्या 6-7 किमीपेक्षा जास्त, आणि लाव्हाही वेगळा निघतो, नुसता बेसॉल्ट नाही तर जास्त सिलिका असलेल्या अँडेसाइट, डेसाइटपर्यंत, बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला. त्या पोकळ्यांमुळे वरच्या थरात भूकंपलहरी हळू जातात. वालू फाच्या खाली साधारण 3 किमीवर वितळलेल्या मॅग्माचं पातळ भिंग आहे हे 1980 च्या दशकातल्याच सर्वेक्षणांत दिसलं होतं.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो तो उत्तरेचा. पाणी कमी पोचतं इतकंच असतं तर तिथे साधं, नेहमीचं कवच मिळायला हवं होतं, पण ते त्याहूनही पातळ भरतं. मार्टिनेझ आणि टेलर या संशोधकांनी 2002 मध्ये यासाठी मांडलेलं चित्र मला पटतं: खाली जाणारी प्लेट आपल्याबरोबर प्रावरण ओढत नेते, रांगेखालून आणि रिजखालून एकदा वितळून गेलेलं, चोथा झालेलं प्रावरण कोपऱ्यात वळून परत या रिजखाली येतं, त्यात ना पाणी पुरेसं ना वितळायला शिल्लक माल. आणखी पश्चिमेला सेंट्रल लाऊ स्प्रेडिंग सेंटरखाली ताजं प्रावरण येतं आणि तिथे सगळं परत मध्य-महासागरी रिजसारखं वागायला लागतं. म्हणजे रिज रांगेपासून लांब सरकत जाते तसं तिचं कवच जाड, मग पातळ, मग नॉर्मल, आणि हा सगळा इतिहास दोन्ही बाजूंच्या तळावर छापलेला राहतो. हा बदल हळूहळू होत नाही हे विशेष, अक्षापासून बाहेर जाताना उथळ तळ संपून खोल तळ सुरू होतो ती कड नकाशावर बोटाने दाखवता येते.

फक्त एक सांभाळा. जेबकोच्या ग्रिडमध्ये सगळीकडे मोजलेली खोली नसते, जहाजं गेली नाहीत तिथे उपग्रहाच्या गुरुत्वाकर्षण डेटावरून काढलेला अंदाज असतो आणि तो भाग लोण्यासारखा गुळगुळीत दिसतो, मल्टीबीमचे (जहाजावरच्या सोनारने मोजलेले) पट्टे मात्र खरखरीत. ‘तळ गुळगुळीत आहे’ असं म्हणायच्या आधी टीआयडी ग्रिड (प्रत्येक सेलची खोली कुठून आली ते सांगणारा जेबकोचा जोड-ग्रिड) उघडून तो सेल मोजलेला आहे का ते बघा. मी छेदात अंदाजाचा भाग तुटक रेषेने दाखवतोय, दिसायला जरा कुरूप पण प्रामाणिक. उभं प्रमाण आडव्याच्या 10 पट ठेवलंय, त्याहून वाढवलं की प्रत्येक टेकडी हिमालय वाटते.

पुढचा नंबर फिलिपीन समुद्रातल्या परेसे वेला बेसिनचा. तिथली रिज कधीच बंद पडली, पण मरताना मॅग्मा इतका आटला की एकाच सपाट भ्रंशावरून प्रावरणाचे खडक सरकत वर आले, तो गॉडझिला मेगामुलियन, साधारण 125 बाय 55 किमीचा, माहीत असलेल्यांपैकी सर्वात मोठा. त्याच्या पाठीवर सरकण्याच्या दिशेने समांतर वळ्या आहेत, त्या ग्रिडमध्ये नीट उठून दिसाव्यात म्हणून हिलशेडचा (नकाशावर उंचसखलपणा दाखवणाऱ्या छायांकनाचा) प्रकाश वळ्यांना काटकोनात टाकून बघणार आहे. कुणी आधी केलं असेल तर सेटिंग सांगा.