कुंपणात शिरलेला घोडा

तारेच्या कुंपणाच्या आत घोडा उभा होता. शेपटी हलवत, निवांत, आणि तोंडात आमचा वर्षभराचा डेटा.

किब्बर हे हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातलं गाव, समुद्रसपाटीपासून ४२०० मीटरच्या आसपास. गावाच्या वरच्या कुरणात आमच्या चराईच्या अभ्यासाचे प्लॉट जोडीजोडीने आखलेले होते. जोडीतला एक कुंपणातला, तिथे कुणाचंच तोंड पोचू नये असा. शेजारचा उघडा, तिथे भरल म्हणजे इथली जंगली मेंढरं, याक, झोमो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातल्या माद्या, शेळ्यामेंढ्या, घोडे सगळ्यांना मुभा. उन्हाळा संपत आला की दोन्हींत चौकट टाकून गवत कात्रीने जमिनीलगत कापायचं, जातवार निवडून कागदी पाकिटांत भरायचं, वाळवायचं, वजन करायचं. दोन वजनांतला फरक म्हणजे जनावरांनी खाल्लेला चारा, असं वाटेल. पण तसं नसतं. खुडलेलं गवत पुन्हा फुटतं, म्हणून उघड्या प्लॉटमध्ये काही ठिकाणी पिंजरे पालथे घालून ते अधूनमधून हलवावे लागतात, तेव्हा कुठे खरा हिशेब लागतो.

घोड्याने हा सगळा हिशेब विस्कटला. एका कोपऱ्यातला खांब कलला होता, तिथून तो आत आला असणार.

सोबत गावातले एक वयस्क चाचाजी होते. मी कपाळावर हात मारला, ते मात्र पोट धरून हसले. म्हणाले, "मॅडम, पूरे पहाड़ में सबसे लंबी घास आपने बनाई और ताला लगा दिया. घोड़ा तो आएगा ही."

त्याला हुसकावून मी गुडघ्यांवर बसले. माप तर गेलंच होतं, निदान काय खाल्लंय ते तरी बघू म्हटलं. आणि मग तिथून उठवेना. उंच, राठ गवतं त्याने अगदी बुडाशी कापली होती. घोड्याला वरचे आणि खालचे, दोन्ही पुढचे दात असतात, त्यामुळे कात्री लावल्यासारखा चावा पडतो. शेळीमेंढी, याक किंवा भरल यांना वरचे पुढचे दातच नसतात. त्यांनी खाल्लेलं पातं ओढून तोडल्यासारखं दिसतं. शिवाय घोडा रवंथ करत नाही. निकस चाराही तो भरपूर खाऊन भागवतो. मेंढी निवडून खाते, पोटही लहान. घोड्याने शिवलं नव्हतं ते कॅरागानाच्या काटेरी गादीला आणि आर्टेमिसियाच्या झुडपांना, म्हणजे आपल्या जोतिबाच्या दवण्याच्या भावंडांना. वास तोच, उग्र. अशी न खाल्लेली झाडं वर्षानुवर्षं राहतात, खाल्लेली मागे पडतात, आणि उतार हळूहळू रूप बदलतो.

दुपारी समोरच्या कड्याखाली भरलांचा कळप दिसला. दुर्बीण लावून बसलो. मेंढीसारखी वाटणारी ही निळसर राखाडी जनावरं मुळात गवतखाऊ. पण जिथे गुरं जास्त, तिथे हिवाळ्यापर्यंत गवत उरत नाही आणि भरल झुडपांकडे वळतात. त्या निकृष्ट चाऱ्याची किंमत पिल्लं मोजतात: अशा कुरणांत माद्यांच्या मानाने पिल्लं कमी आढळली आहेत. भरलांना चारा उरावा म्हणून १९९८ साली किब्बरच्या लोकांनी मोबदला घेऊन सुमारे ५ चौरस किलोमीटर कुरण गुरांसाठी बंद केलं. तिथे भरल वाढले.

मग सगळीकडेच चराई बंद करावी का? मी साताऱ्याची. कासला कुंपण आल्यावर गवत माजलं आणि बुटकी फुलं झाकली गेली, असं तिथले लोक सांगतात. त्यामुळे 'चराई म्हणजे नासधूस' हे वाक्य माझ्या कधीच गळी उतरलं नाही. स्पितीतला पुरावाही त्या वाक्याच्या बाजूने नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुमंत बागची यांच्या गटाने इथे १६ वर्षं मोजमापं घेऊन २०२२ साली दाखवलं की चराई पूर्ण थांबवली की मातीतला कार्बन वर्षागणिक जास्त हेलकावे खातो, ३० ते ४० टक्के जास्त. कारणाचा धागा नायट्रोजनकडे जातो. पुढे मात्र त्याच गटाला दिसलं की गुरांच्या कुरणातली माती जंगली प्राण्यांच्या कुरणातल्या मातीपेक्षा कमी कार्बन धरते, आणि त्यामागे टेट्रासायक्लिनसारख्या, गुरांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक औषधांचाही हात असावा. शेणामुतातून ती मातीत उतरतात आणि तिथल्या सूक्ष्मजीवांवर परिणाम करतात. उताराकडे नुसतं बघून हे कोण ओळखणार?

आमच्या छापील तक्त्यात चराईसाठी एकच रकाना होता: हलकी, मध्यम, जास्त. कुणी चरलं याला जागाच नाही. त्या दिवशी मी समासात 'घोडा' लिहिलं, त्या प्लॉटचं वर्षाचं माप बाद केलं आणि आम्ही तार ताणायला लागलो.

खांबाला दगड लावता लावता चाचाजींनी विचारलं, "ये जो घास काटते हो, तौलने के बाद क्या करते हो?" दळून त्यातलं नायट्रोजन मोजतो, असं मी सांगितलं. स्पितीत सहा महिने बर्फ असतं आणि साठवलेल्या चाऱ्यावर गुरं जगवावी लागतात; दळून टाकलेलं गवत ही कल्पनाच त्यांना सोसेना. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले की मग घोडाच बरा, त्याने निदान लीद तरी परत दिली.