स्नॅग लिहिलास का?

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज आला आणि सगळ्यात आधी डोळ्यांपुढे उभे राहिले ते कॅप्टन सर. ते शाळेत शिक्षक नव्हते, पण आपल्याच शाळेचे विद्यार्थी, आमच्या कितीतरी बॅच आधीचे. आयुष्यभर विमानं उडवली, रिटायर झाले आणि मग दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत आम्हा सात-आठ पोरांना घेऊन प्लास्टिकच्या किटमधून विमानांची स्केल मॉडेल, म्हणजे मापात लहान केलेल्या प्रतिकृती, करायला बसायचे. आम्ही त्यांना नावाने कधी हाक मारलीच नाही, त्यामुळे इथेही कॅप्टन सरच म्हणतो. गेल्या वर्षी ते गेले.

आठवीतला तो पहिला शनिवार मला अजून आठवतो. आम्ही किटच्या बॉक्सवर तुटून पडायच्या तयारीत आणि सरांनी बॉक्स बाजूला ठेवून फळ्यावर १/७२ लिहिलं. म्हणाले, ७२ इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे सहा फुटी माणूस आपल्या टेबलावर एक इंचाचा, आता सगळं या हिशोबात बघायचं. डाकोटा या जुन्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ९५ फूट, करा भागाकार, आले जवळपास सोळा इंच. मग माझ्या हातातला ब्रश बघून म्हणाले, तू रंगाचा जाड हात मारलास, समज दशांश मिलिमीटर, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा थर झाला, उडेल का ते? आणि पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड ठेवलीस तर ती खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरची फळी. तेव्हापासून आम्ही ती कड ओल्या सँडपेपरवर घासत बसायचो, बोटांची टोकं सुरकुतेपर्यंत, आणि सर मध्येच येऊन नखाने तपासायचे.

डाकोटावर त्यांचा फार जीव. को-पायलट म्हणून पहिली नोकरी त्याच विमानावर झालेली. डिसेंबर आला की न चुकता सांगायचे, डाकोटाचं मूळ जे डीसी-३, ते पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ ला आणि राइट बंधू उडाले तेही १७ डिसेंबरलाच, १९०३ ला, बरोब्बर ३२ वर्षं आधी. राइटांचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण सरांनी टेबलावर पट्टी ठेवून वीस इंचांवर खडूची रेघ मारली, हे त्यांचं उड्डाण आपल्या स्केलला, आणि शेजारी आमचा अर्धवट डाकोटा ठेवला. पंखांच्या लांबीपेक्षा जेमतेम चार इंच जास्त! आम्ही सगळे त्या खडूच्या रेघेकडे बघतच राहिलो.

कोणी या मॉडेलांना खेळणी म्हटलं की सरांना लागायचं. मग ते पेनोचं नाव काढायचे. या फ्रेंच माणसाने १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत रबराच्या पिळावर चालणारं छोटंसं विमान उडवून दाखवलं, ११ सेकंद, साधारण ४० मीटर. आणि त्याच्याच डिझाइनवरचं रबराने उडणारं हेलिकॉप्टर राइटांच्या वडिलांनी १८७८ मध्ये पोरांना आणून दिलं होतं. सांगताना त्यांचा आवाज चढायचा, म्हणायचे, बघा, सुरुवात खेळण्यापासूनच झाली ना.

पण मला लिहायचंय ते स्नॅगच्या वहीबद्दल. विमान उतरवलं की पायलट टेक्निकल लॉगमध्ये काय बिघडलं, काय वेगळं वाटलं ते लिहून ठेवतो, त्या नोंदीला स्नॅग म्हणतात, आणि आमच्या वर्गातही तोच नियम. मॉडेल पुरं झालं की पंखाच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात तारीख आणि आपलं काय चुकलं ते लिहायचं, आणि वहीत सविस्तर. बाकी पोरं लिहायची, पुट्टी जास्त झाली, डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र, पाण्यात जास्त वेळ राहिलं आणि फाटलं वगैरे. मी मात्र एकदा, आमच्या त्या डाकोटावर, लपवलं.

झालं असं की कॉकपिटची पारदर्शक काच पांढऱ्या गोंदाने चिकटवायची असते आणि तो वाळायला वेळ लागतो. मला दम निघेना, सरांची पाठ वळल्यावर मी सुपरग्लू लावला. पुढच्या शनिवारी बघतो तर काचेवर आतून पांढरं धुकं धरलेलं, त्या ग्लूच्या वाफेने धरतंच ते. मी घाबरलो आणि वरून काळा रंग फासला. सरांनी मॉडेल हातात घेतलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच विचारलं, अरे, आतल्या माणसाने बाहेर बघायचं कसं? मी मान खाली घातली. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, स्नॅग लिहिलास का?

त्या दिवशी बाकीचे गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि स्वतःची गोष्ट सांगितली. नवीन असताना एका संध्याकाळी उतरल्यावर इंजिनाची थरथर त्यांना नेहमीपेक्षा वेगळी वाटली होती, पण उशीर झालेला, कॅप्टन पुढे निघून गेलेले, आपल्याला उगाच वाटलं असेल म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, लॉगमध्येही आलं नाही. सकाळी दुसरा क्रू तेच विमान घेऊन गेला. सर म्हणाले, विमान परत येईपर्यंत मी ऊन्हात धावपट्टीकडे बघत उभा होतो, चहासुद्धा घेतला नाही. विमान सुखरूप आलं, काहीच झालं नव्हतं. एवढं सांगून त्यांनी कापसावर टूथपेस्ट घेतली आणि आम्ही दोघं मिळून ती काच पॉलिश करत बसलो, ब्लेडच्या टोकाने अलगद काढून, रंग पुसून, आतून बाहेरून, दिवेलागण होईपर्यंत. एका कोपऱ्यात पांढरा ठिपका राहिलाच.

मी पायलट झालो नाही, मशीन मेंटेनन्समध्ये आहे, आणि शिफ्ट बदलताना पुढच्या माणसासाठी नोंद लिहिताना अजूनही कधीकधी त्यांचा आवाज कानात येतो.

मागच्या महिन्यात प्रदर्शनासाठी कपाटातल्या वस्तू काढायचं काम आमच्या बॅचकडे आलं. वरच्या फळीवर तो डाकोटा होता, धुळीने भरलेला, डावा प्रोपेलर तुटलेला. ग्रंथालयाच्या मॅडमना विचारून घरी नेला. मऊ ब्रशने धूळ काढली तर काचेच्या कोपऱ्यातला ठिपका तसाच. उलटा केला तर माझं आठवीतलं अक्षर, 'काच सुपरग्लूने लावली. रंग मारून लपवली.' आणि दुसऱ्या पंखाखाली पेन्सिलने, इतक्या बारीक अक्षरात की भिंग लागलं, सरांचं, 'उजवं चाक जरा आत वळलंय. मी घाईत चिकटवलं.' आम्ही इतकी वर्षं ते चाक आमच्यापैकीच कुणाच्या तरी हातून वाकडं बसलं असं समजत होतो.

चाकाला मी हात लावला नाही. प्रोपेलर नवीन बसवला आणि माझ्या जुन्या ओळीखाली तारीख टाकून लिहिलं, 'डावा प्रोपेलर बदलला. काळा रंग जुन्याशी जुळत नाही.'