कार्ड शाबूत, वाय-फाय बेपत्ता : लिनक्स लॅपटॉपचा माझा अनुभव

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले, तेव्हा माझ्या भाचीने आपला जुना लॅपटॉप मोडीत काढण्याऐवजी विंडोज पुसून त्यावर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवून घेतली. बाकी सारे सुरळीत चालले, परंतु नेटवर्कच्या सेटिंगमधून वाय-फायचा पर्यायच नाहीसा झाला. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील एका दुरुस्तीच्या दुकानात तिने लॅपटॉप दाखवला. तेथे पेनड्राइव्हवरून आणखी एक लिनक्स चालवून पाहण्यात आले आणि त्यातही वाय-फाय न दिसल्यामुळे वाय-फायचे कार्ड निकामी झाल्याचे सांगण्यात आले. "मामा, नवीन कार्ड टाकायचं की यूएसबीचा डोंगल घ्यायचा?" असे विचारत ती इंदिरानगरला आमच्याकडे आली.

विंडोज पुसेपर्यंत जे कार्ड नीट चालत होते, ते नेमके त्याच दिवशी जळाले असावे, हे मला पटेना. शिवाय 'कार्ड सापडत नाही' या एका तक्रारीच्या पोटात निरनिराळी दुखणी असू शकतात : कार्ड मदरबोर्डलाच दिसत नसेल, दिसत असूनही त्याचा ड्रायव्हर (कार्ड हाताळणारे सॉफ्टवेअर) नसेल, ड्रायव्हर असूनही फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल नसेल, किंवा सगळे असून रेडिओ बंद केलेला असेल. सेटिंगची खिडकी या सर्वांना एकच उत्तर देते, म्हणून मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडले.

वायरलेस रेडिओ चालू की बंद ते सांगणाऱ्या 'आरएफकिल लिस्ट' या आज्ञेने फक्त ब्लूटूथची नोंद दाखवली, आणि तेही अडवलेले नव्हते. वाय-फाय नुसते बंद असते, तर त्याचीही नोंद येथे 'ब्लॉक्ड' या शेऱ्यासह दिसली असती; त्यामुळे विमान मोडचे बटण पुन:पुन्हा दाबण्यात अर्थ नव्हता. पुढे मी 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएनके' या पर्यायासह दिली. मदरबोर्डच्या पीसीआय मार्गावर जोडलेली उपकरणे, त्यांचे ओळख क्रमांक आणि त्यांना हाताळणारे ड्रायव्हर ती एकत्र दाखवते. त्या यादीत ब्रॉडकॉमचे बीसीएम४३१४२ हे कार्ड १४ई४:४३६५ या क्रमांकासह स्पष्ट दिसत होते. म्हणजे कार्ड जागेवर होते, सॉकेटमध्ये घट्ट बसलेले होते आणि विचारल्यावर आपली ओळखही सांगत होते. दुकानातील निदान येथेच निकालात निघाले. मात्र त्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज', म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) सध्या कोणता ड्रायव्हर वापरतो, हा मजकूर नव्हता. केवळ 'कर्नल मॉड्यूल्स : बीसीएमए, डब्ल्यूएल' एवढेच, म्हणजे या कार्डासाठी कर्नलला जोडता येतील अशा मॉड्यूलांची (ड्रायव्हरच्या तुकड्यांची) नावे, लिहिलेले होते. ड्रायव्हर डिस्कवर होता, पण कार्डाचा ताबा कोणीच घेतलेला नव्हता.

या कार्डाबद्दल थोडे सांगायला हवे. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या कार्डांना 'बी४३' हा मुक्त ड्रायव्हर चालतो, परंतु बीसीएम४३१४२ ला तो चालत नाही. त्यामुळे 'बी४३ चे फर्मवेअर टाका' हा सर्रास दिला जाणारा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. याला 'डब्ल्यूएल' हाच ड्रायव्हर लागतो. त्याचा गाभा कंपनीने बंदिस्त ठेवलेला आहे, आणि कंपनीची ६.३०.२२३.२७१ ही आवृत्ती २०१५ सालची आहे. तेव्हापासून नव्या कर्नलशी तिचा मेळ घालण्याचे काम लिनक्सची वितरणे (मिंटसारखी तयार रूपे) चालवणारी मंडळीच ठिगळे लावून करत आली आहेत. हा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, म्हणूनच दुकानातील पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्येही वाय-फाय दिसले नसावे.

मग येथे 'डब्ल्यूएल' आला कोठून? चौकशी केल्यावर भाचीने सांगितले की मोबाइल केबलने जोडून, यूएसबी टेदरिंगवर, तिने ड्रायव्हर मॅनेजरमधून तो आधीच घेतला होता. 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' असे लिहून मी तो हाताने चढवू पाहिला, तेव्हा 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे उत्तर आले. कर्नलच्या नोंदींतही अनोळखी डिजिटल किल्लीने सही केलेले मॉड्यूल नाकारल्याचा उल्लेख होता, आणि अनोळखी सहीचे सॉफ्टवेअर रोखणारी सिक्युअर बूट ही राखण चालू असल्याचे 'मोकयूटिल' या आज्ञेने दाखवले. आता सारा उलगडा झाला. असे बाहेरचे मॉड्यूल डीकेएमएस ही यंत्रणा त्याच लॅपटॉपवर तयार करते आणि तेथेच निर्माण केलेल्या किल्लीने त्यावर सही करते. परंतु ती किल्ली लिनक्स सुरू होण्याआधीच्या, लॅपटॉपच्या फर्मवेअरच्या पातळीवर मालकाने एकदा मान्य केल्याखेरीज कर्नल त्या सहीला किंमत देत नाही.

"ड्रायव्हर इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला होता ना?" मी विचारले. मागितला होता. रीस्टार्टनंतर किल्ली मान्य करण्याची एक निळी स्क्रीन आली होती, आणि काही बिघडू नये म्हणून तिने 'कंटिन्यू बूट' निवडले होते. तिला दोष देता येत नाही. ती स्क्रीन धोक्याच्या सूचनेसारखीच दिसते आणि आपण कशासाठी आलो आहोत याचा एक शब्दही सांगत नाही.

सिक्युअर बूट बायोसमधून बंद करणे हा सोपा मार्ग होता. तरीही, एका किल्लीची नोंदणी राहिली म्हणून सगळी राखणच काढून टाकणे मला रुचले नाही. 'मोकयूटिल'च्या इम्पोर्ट पर्यायाने किल्लीची फाइल पुन्हा सादर केली, तात्पुरता पासवर्ड दिला आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. निळी स्क्रीन जेमतेम दहा सेकंद वाट पाहते. तेवढ्यात एखादे बटण दाबले नाही, तर लॅपटॉप नोंदणीविनाच पुढे सुरू होतो. भाचीने लगेच बटण दाबले, 'एनरोल मोक' (मालकाची किल्ली नोंदवा), 'कंटिन्यू' आणि 'येस' असे निवडून तोच पासवर्ड भरला. लॅपटॉप सुरू झाल्यावर 'एलएसपीसीआय'च्या उत्तरात हवी असलेली ओळ आली : कर्नल ड्रायव्हर इन यूज, डब्ल्यूएल. कर्नलचे अपडेट आले की डीकेएमएस हे मॉड्यूल नव्याने बांधून त्याच किल्लीने सही करते, त्यामुळे ती निळी स्क्रीन दरवेळी येत नाही. मात्र नव्या कर्नलची हेडर्स (मॉड्यूल बांधताना लागणाऱ्या फाइली) बसलेली असावी लागतात.

घराच्या वाय-फायची दोन नावे असताना एकच का दिसते, अशी भाचीची पुढची शंका होती. बीसीएम४३१४२ हे कार्ड केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नाव त्याला विंडोजवरही दिसत नव्हते. तिने २.४ चे नाव निवडून जोडून घेतले, आणि डोंगलचा विषय तेथेच संपला.