उंच टेबलं, मुखदुर्बळ माणसं आणि साठ सेकंदांचा व्हिडिओ

नेदरलँड्समध्ये शुक्रवारी दुपारचे साडेचार वाजायला आले की ऑफिसातले लॅपटॉप मिटायला लागतात आणि कँटीनच्या कोपऱ्यात 'फ्रिमिबो' जमते. शुक्रवार दुपारच्या 'बोरल'चं हे लाडाचं नाव. बोरल म्हणजे पेयं, गरम बिटरबालन (मांसाचे तळलेले गोळे), सोबत मोहरीची वाटी आणि उभ्याने गप्पा. खुर्ची एकही नाही. छातीपर्यंत येणारी उंच गोल टेबलं आणि प्रत्येक टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून उभी असलेली चार-पाच ताडमाड माणसं. कुठल्या टीममध्ये जागा निघणार, कोणता प्रोजेक्ट गुंडाळणार, कोण कुणाचं नाव कुणाला सुचवणार, हे या टेबलांशी ठरतं, निदान कळतं तरी. त्याला इथे 'व्हिया व्हिया' म्हणतात. याच्या ओळखीतून तो, त्याच्या ओळखीतून ती.

यात कौतुकासारखंही आहे, ते आधी सांगून टाकते. डायरेक्टर आणि कालची इंटर्न एकाच टेबलाशी उभ्या असतात, एकमेकींना पहिल्या नावाने हाक मारतात, आणि साहेब आले म्हणून कुणी सरकून उभं राहत नाही. आपल्याकडे हे अजून यायचंय. पण साहेबाशी बोलायची मोकळीक असणं वेगळं आणि बोलायला फट मिळणं वेगळं.

ही फट किती अरुंद असते ते मोजलं गेलंय, आणि तेही याच देशात. नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेत भाषा आणि मन यांच्या संबंधावर काम चालतं. तिथल्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. त्या दहांत डच आणि इंग्रजी होत्या. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. साधं चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ, जो वेळेत उत्तर देतो त्याने समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं, क्षणभर विचार करावा आणि मग बोलावं, असं ज्यांना घरात शिकवलं, त्यांची पाळी येईपर्यंत विषय सायकलींवरून सुट्ट्यांवर गेलेला असतो. त्यात डोक्यातलं मराठी वाक्य इंग्रजीत आणायचं असतं, मागे गाणी वाजत असतात आणि एखाद्या विनोदावर सगळं टेबल अचानक डचमध्ये शिरतं.

मग इथल्या मराठी माणसांबद्दल शेरा मिळतो की कामात हुशार आहेत, पण पुढे येत नाहीत. हा शेरा मला मान्य नाही. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये तोंड घालू नये हा आपल्याकडे शिष्टाचार आहे, आणि तो पाळणाऱ्याला आत्मविश्वास नाही असं म्हणणं हा अन्याय आहे. आपल्याकडे ओळख करून देणारं माणूस मध्ये असतं. 'ही आमच्या काकूंची भाची, हिला जरा सांगा की कुठे अर्ज करायचा' एवढ्या वाक्यावर पुण्यात तासभर चहा होतो. ज्याच्या मागे काकू नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे उरतोच, आणि तो लहान नाही. पण अबोल माणसाला अनोळखी पाठींच्या भिंतीत घुसावं तरी लागत नाही.

इथे मात्र ओळखी लागतातच. शिक्षण संपवून 'झूकयार' या परवान्यावर राहिलेल्यांना नोकरी शोधायला एकच वर्ष मिळतं. जोडीदार म्हणून आलेल्या कित्येकींना काम करायची पूर्ण परवानगी असते, पण दोन-तीन वर्षं मुलांमागे गेल्यावर एकही व्यावसायिक ओळख हाताशी नसते. या ओळखी जवळच्या असाव्या लागतात असंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या लेखात दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटणारे फक्त १६.७ टक्के होते. बाकीच्यांच्या भेटी अधूनमधून किंवा क्वचित व्हायच्या. भिडस्त माणसाकडे जिवाभावाची चार माणसं असतात आणि नेमक्या याच लांबच्या ओळखी नसतात.

इथे व्हिडिओ उपयोगी पडतो, आणि तो कॅमेऱ्यामुळे नव्हे. रेकॉर्ड करून पाठवलेल्या व्हिडिओत २०० मिलिसेकंदांची शर्यतच नसते. तुमचं वाक्य कुणी तोडत नाही, आणि ऐकणाराही त्याच्या सवडीने ऐकतो. म्हणून माझा आग्रह असा, की बोरलला जायच्या आधी ज्या दोन-तीन माणसांशी बोलायचंय त्यांना एक छोटा व्हिडिओ पाठवावा. भेट झाल्यावर पाठवलेला व्हिडिओ आभाराचा असतो. आधी पाठवलेला व्हिडिओ काकूंचं काम करतो.

लांबी साठ सेकंद, फार तर पंचाहत्तर. समजेल अशा वेगाने इंग्रजी बोललं तर मिनिटात १२० ते १३० शब्द बसतात, तेव्हा मजकूर १२० शब्दांवर थांबवा. पहिली पाच सेकंदं नावाची. पुढची वीस सध्या काय करता त्याची, आणि त्यात एक तरी ठोस वस्तू हवी. 'डेटावर काम करते' यातून काही कळत नाही, 'दूध डेअरीत पोहोचायच्या आधी ते किती खराब होईल याचा अंदाज बांधते' हे लक्षात राहतं. मग पंधरा सेकंदं तुम्ही समोरच्याला कशात मदत करू शकता त्याची. शेवटी एक प्रश्न, त्याच माणसाला विचारता येईल असा. 'तुमच्याकडे संधी आहे का' हा प्रश्न दार बंद करतो. 'तुमच्या टीमने जुनी सिस्टिम बदलताना चाचण्या आधी लिहिल्या की नंतर' यावर माणूस बोलायला लागतो, आणि शुक्रवारी टेबलाशी तोच सुरुवात करतो.

नावाची पाच सेकंदं मी जपून ठेवायला सांगते, कारण डच वाचनात 'जी' या अक्षराचा उच्चार 'ख' होतो आणि 'जे'चा 'य'. गौरीची 'खाउरी' होते आणि जयंतचा 'यायांत'. नाव चुकेल या भीतीने कित्येक डच माणसं नाव घ्यायचंच टाळतात, आणि ज्याचं नाव घेता येत नाही त्याला गप्पांत ओढताही येत नाही. म्हणून नाव सावकाश, दोनदा, स्वतःच्या आवाजात सांगा. लिंक्डइनच्या मोबाइल ॲपमध्ये नावाचा उच्चार दहा सेकंदांपर्यंत रेकॉर्ड करून प्रोफाइलवर ठेवता येतो, तेही करून टाका. आणि 'गॅरी म्हणा, चालेल' असं कृपा करून म्हणू नका.

आता रेकॉर्डिंग. फोन डोळ्यांच्या उंचीवर हवा, पुस्तकांची चळत पुरते. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो, तेव्हा अकरा ते दोन हीच वेळ. यात एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास नडते. भाड्याच्या घरांच्या भिंती पांढऱ्याशुभ्र असतात. फोन चौकटीतला सगळा उजेड धरून हिशोब करतो, भिंत फार उजळ दिसली की चित्र गडद करतो, आणि सावळा चेहरा काळवंडून जातो, डोळे दिसत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं माणूस उदास आहे. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड तिथे कुलूप लागल्यासारखे थांबतात, मग शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवायचं. मागे भिंतीऐवजी पुस्तकांचं कपाट किंवा गडद पडदा असला तर आणखी बरं. पार्श्वभूमी धूसर करायची सोय वापरू नका, ती कानातले आणि केसांच्या कडा खाते.

आवाजाचं दुखणं वेगळं. बऱ्याच घरांत लॅमिनेटची जमीन आणि मोजकं सामान, त्यामुळे खोली घुमते. इथे आईने बॅगेत कोंबलेली गोधडी कामाला येते. ती टेबलावर अंथरा, दुसरी असेल तर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाका, घुमणं बरंच बसतं. वायरचे इअरफोन असतील तर त्यांचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, कपड्याला घासू देऊ नका. लेन्स सुती फडक्याने पुसा, फोन खिशात राहून तिच्यावर तेलकट थर बसलेला असतोच.

मजकूर समोर ठेवून वाचू नका. डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात आणि ते दिसतं. आधी पूर्ण लिहून काढा, तीनदा मोठ्याने म्हणा, मग कागद बाजूला ठेवा आणि तीनच शब्द चिठ्ठीवर लिहून लेन्सच्या शेजारी चिकटवा. तीनपेक्षा जास्त वेळा रेकॉर्ड करू नका. संकोची माणसं पंधरा वेळा करतात आणि पंधराव्या वेळी चेहऱ्यावर फक्त थकवा उरतो. एखादा शब्द अडखळला तर राहू द्या. डच लोकांची आवडती म्हण आहे, 'दू मार खेवोन, दान दू ये अल खेक खेनुख', म्हणजे साधं वागा, तेवढंही पुष्कळ वेडेपणाचं होतं. चकचकीत, संगीत लावलेला व्हिडिओ त्यांना खटकतो. आपल्या साध्या बोलण्याचा इथे फायदाच होतो.

सबटायटल्स घालाच. इथल्या रेल्वेत 'स्टिल्टेकूपे' असतात, म्हणजे बोलायला मनाई असलेले डबे, आणि पुष्कळ जण तुमचा व्हिडिओ तिथे आवाज बंद ठेवून बघतील. आपोआप तयार झालेली सबटायटल्स नावं आणि तांत्रिक शब्द चुकवतात, ती हाताने दुरुस्त करा. फाइल ईमेलला जोडू नका. आयफोनवर १०८० पिक्सेलचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग सेटिंगनुसार ६० ते १३० एमबी होतं आणि ऑफिसचे मेलबॉक्स ते परत पाठवतात. ७२० पिक्सेल पुरतं, आणि पाठवायची ती लिंक. सोबत दोन ओळी लिहा, त्यात व्हिडिओ किती सेकंदांचा आहे ते आधी सांगा.

लाइव्ह व्हिडिओ मीटिंग मात्र आपोआप न्याय्य होत नाही, उलट कधी वाईट. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की लाइनवर १.२ सेकंदांचा उशीर झाला की लोक दोष लाइनला देण्याऐवजी समोरच्या माणसाला देतात, तो लक्ष देत नाही असं त्यांना वाटतं. आधीच थांबून बोलणाऱ्याचं यात दुहेरी नुकसान होतं. तेव्हा इथल्या मराठी मंडळांत कुणी ऑनलाइन ओळखसत्र घेत असेल, तर माझं सांगणं असं. प्रश्न दोन दिवस आधी पाठवा. चार-चार जणांच्या खोल्या करा, बोलायचा क्रम नावांच्या अक्षरांप्रमाणे आधीच लिहून द्या, प्रत्येकाला नव्वद सेकंदं आणि त्यात कुणी मध्ये बोलायचं नाही. सहा मिनिटांत चौघं होतात, मग चार मिनिटं मोकळी. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटंच मिळतात, त्यात अशा तीन फेऱ्या नीट बसतात. चर्चेचा विषय असेल तर आधी सगळ्यांनी दोन मिनिटं आपापलं उत्तर चॅटमध्ये टाइप करायचं आणि यजमानाने सांगितल्यावर एकदमच पाठवायचं. एका वेळी एकालाच बोलता येतं म्हणून गटात बाकीच्यांच्या कल्पना विरून जातात, हे डील आणि श्ट्रोबं या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्येच प्रयोगाने दाखवलंय. आणि प्रत्येकाने स्वतःची चौकट लपवावी. झूममध्ये स्वतःच्या चित्रावर उजवी क्लिक केली की तो पर्याय येतो. सतत स्वतःकडे बघत राहणं हे व्हिडिओच्या थकव्याचं एक मोठं कारण आहे, असं स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलंय.

व्हिडिओत चेहरा दिसतो, रंग दिसतो, उच्चार कळतात, आणि पूर्वग्रह असलेल्या माणसाला तेवढं पुरतं. म्हणून सत्र घेणाऱ्याने नुसता आवाज किंवा नुसता मजकूर पाठवायची मुभा ठेवलीच पाहिजे. चेहरा दाखवणं सक्तीचं केलं की अबोल माणसावर जुनाच भार नव्या रूपात येतो. नोकरीसाठी मशीनपुढे दिलेल्या मुलाखतीशीही याची गल्लत नको. कामाच्या ठिकाणी माणसाच्या चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ताडणाऱ्या एआयवर युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातलीय, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. मंडळाने व्हिडिओ गोळा केले तर तेही वैयक्तिक माहितीच्या कायद्यात येतात. लेखी संमती घ्या, कोण बघणार ते लिहा, आणि पुसायची तारीख आधीच ठरवा. सत्रानंतर तीस दिवस पुरेसे आहेत.

पाठवायचा वार मंगळवार. बुधवारी पुष्कळ शाळा अर्ध्या दिवसाच्या असतात आणि बरेच आई-बाबा कामावर नसतात, गुरुवार मीटिंगांचा. मंगळवारी सकाळी नऊ-साडेनऊला गेलेली लिंक कॉफीबरोबर उघडली जाते. मग शुक्रवारी साडेचारला तुम्ही त्या उंच टेबलाकडे निघता, तेव्हा तिथल्या एकाने तरी तुमचं नाव 'ग'ने ऐकलेलं असतं.