एडवर्ड ब्लंट: पुस्तकविक्रेत्याचा पैसा कुठे अडकायचा

सोलापुरातल्या यंत्रमागधारकाला सुताचं बिल आधी भागवावं लागतं, चादरीचे पैसे सावकाश येतात. चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये पुस्तकविक्रेत्याचं गणितही असंच होतं, फक्त सुताच्या जागी कागद. छपाई एकाची, बांधणी दुसऱ्याची. पण हस्तलिखित मिळवणं, कागद भरणं आणि माल पडून राहिला तर तोटा सोसणं, हे सगळं विक्रेत्याकडे. आज आपण ज्याला प्रकाशक म्हणतो तो हाच.

एडवर्ड ब्लंटने १५७८ ते १५८८ अशी दहा वर्षं विल्यम पॉन्सनबी या पुस्तकविक्रेत्याकडे शिकाऊ म्हणून उमेदवारी केली. किमान सात वर्षांची उमेदवारी हा स्टेशनर्स कंपनीचं सभासदत्व मिळवण्याचा नेहमीचा मार्ग होता. मुद्रक आणि पुस्तकविक्रेत्यांच्या या व्यवसायसंघाला १५५७ साली राजसनद मिळाली होती. स्पेन्सर आणि सिडनी या कवींची पुस्तकं काढणाऱ्या मालकाच्या हाताखाली ब्लंटची नजर तयार झाली, असं मला ठामपणे वाटतं. पुढे त्याने काढलेली पुस्तकं बघा: १५९८ मध्ये मार्लोचं ‘हीरो अँड लिअँडर’, १६०३ मध्ये फ्लोरिओने इंग्रजीत आणलेला फ्रेंच निबंधकार माँतेन, १६१२ मध्ये ‘डॉन किहोते’चा पहिला इंग्रजी अनुवाद.

पुस्तक काढायचं तर आधी अधिकृत तपासनिसाची परवानगी, मग संघाच्या वॉर्डनची, म्हणजे पदाधिकाऱ्याची, सही, आणि शेवटी सहा पेनी भरून संघाच्या वहीत नोंद. नोंद ज्याच्या नावावर, हक्क त्याचा. लेखकाचा नव्हे! हा हक्क विकता येई, वारसाला देता येई. एकदा जुळवलेल्या खिळ्यांवर किती प्रती काढायच्या यालाही १५८७ पासून मर्यादा होती, साधारण १२५० ते १५००. नव्या आवृत्तीसाठी खिळे पुन्हा जुळवावेत आणि जुळाऱ्यांना काम मिळावं, म्हणून.

१६२३ चा शेक्सपिअरचा फोलिओ, म्हणजे त्याच्या छत्तीस नाटकांचा मोठ्या आकाराचा ग्रंथ, घ्या. एका प्रतीला सुमारे २२७ ताव लागले. प्रती ७५० धरल्या (हा अभ्यासकांचा अंदाज) तर १,७०,००० ताव, म्हणजे पाचशेच्या हिशेबाने ३४० रीम. बराचसा कागद फ्रान्सहून यायचा. काम १६२२ च्या सुरुवातीला सुरू होऊन १६२३ च्या अखेरीस संपलं; तोवर हातात एक पेनीही नाही. मुखपृष्ठावर ‘छापणारे’ म्हणून आयझॅक जॅगर्डबरोबर ब्लंटचंही नाव आहे, पण छापखाना जॅगर्डचा होता.

खरी अडचण हक्कांची. छत्तीस नाटकांपैकी बरीच आधीच इतरांच्या नावावर होती. स्मेथविक आणि ॲस्पली या हक्कदारांची नावं खर्चातले भागीदार म्हणून शेवटच्या पानावर दिसतात. ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ या नाटकाचा हक्क वेळेत सुटला नाही, काही पानं छापून काम थांबवावं लागलं. नंतर ते नाटक ऐतिहासिक नाटकं आणि शोकांतिका यांच्या मध्ये घुसवलं, तोवर अनुक्रमणिका छापून झाली होती. म्हणून तिच्यात पस्तीसच नाटकं आहेत. आधी दुसऱ्या कोणाच्या नावावर नसलेल्या सोळा नाटकांची नोंद तर ८ नोव्हेंबर १६२३ ला, काम संपत आल्यावर झाली.

पुस्तक बहुधा सुट्या फर्म्यांतच, म्हणजे न बांधलेल्या छापील तावांतच, विकलं जाई. बांधणी गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे. फोलिओ बिनबांधणीचा साधारण पंधरा शिलिंगांना, वासराच्या कातड्यात बांधलेला एक पौंडाला. सुटं नाटक सहा पेनीला, म्हणजे अर्ध्या शिलिंगाला मिळायचं; म्हणजे बिनबांधणीच्या फोलिओच्या किमतीत तीस नाटकं आली असती. इतकं महाग पुस्तक काढायला धाडस लागतं. माल खपला नाही तर विक्रेते नवं मुखपृष्ठ छापून जुन्याच फर्म्यांना लावत. तेही चाललं नाही तर रद्दी.

१६३० मध्ये ब्लंटने आपले शेक्सपिअरचे हक्क रॉबर्ट ॲलटच्या नावावर केले. १६३२ मध्ये दुसरा फोलिओ निघाला. ॲलटच्या वाट्याच्या प्रतींवर विक्रीचा पत्ता आहे सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या आवारातलं ‘काळं अस्वल’ या पाटीचं दुकान, म्हणजे ब्लंटचंच जुनं दुकान. ब्लंट त्याच वर्षी वारला.