दार कुठे आहे?

वेल्समधल्या कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात फ्रेंच चित्रकार रन्वारचे 'ला पारिझिएन' हे चित्र दाखवताना आम्ही मार्गदर्शक निळ्या रंगापासूनच सुरुवात करतो, कारण दालनात पाऊल टाकताच १८७४ सालचा तो निळा पोशाख माणसाला आपल्याकडे ओढून घेतो. ही सवय चुकीची आहे, असे मला गेल्या आठवड्यापासून वाटू लागले आहे.

त्या दिवशीच्या गटात, मुलीकडे राहायला आलेल्या, इचलकरंजीच्या एक काकू होत्या. आयुष्यभर त्यांनी शिवणकाम केले होते. इतरांनी मोबाइल उंचावले (चित्र पाहण्याआधी त्याचा फोटो काढण्याची ही घाई मला मनापासून खटकते), तर काकू पोशाखाच्या घेराकडे निरखून पाहू लागल्या. कमरेमागे फुगवलेल्या त्या कापडावर जवळून पाहिले तर शिवण कुठेच दिसत नाही. फिकट निळ्याला खेटून गडद निळ्याचे फटकारे तेवढे दिसतात आणि दोन पावले मागे सरकले की त्यांच्याच चुण्या होतात. "टाका एक दाखवला नाही, पण कापडाला ताण कुठे आहे ते बरोबर कळतं," काकू म्हणाल्या. इतकी वर्षे मी हे चित्र समजावते आहे, पण रन्वारच्या हाताचे इतके नेमके वर्णन मला कधी जमले नव्हते.

मी नेहमीची माहिती दिली. चित्रासाठी हेन्रिएत आंरियो ही नटी उभी राहिली, पण शीर्षकात तिचे नाव नाही, नुसते 'पॅरिसची स्त्री' एवढेच आहे. प्रकाश आणि रंगाचा क्षणिक ठसा टिपू पाहणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनात ते मांडले गेले. १९१३ मध्ये वेल्सच्या कलासंग्राहक ग्वेंडोलिन डेव्हिस यांनी ते विकत घेतले आणि पुढे मृत्युपत्राने संग्रहालयाला दिले.

काकूंनी ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, ही हातमोजे चढवतेय, म्हणजे बाहेर निघालीय. मग दार कुठे आहे?"

दार होते. डावीकडे दार आणि उजवीकडे वर पडदा रन्वारने आधी रंगवला होता आणि नंतर दोन्ही बुजवून टाकले. क्ष-किरण तपासणीत ते दिसले आहे. मी एरवी हे शेवटी, वेळ उरला तरच सांगते. दार गेल्यामुळे ती कोणा एका घरातली न राहता साऱ्या शहराची झाली, असे मी समजावले.

"शहराची झाली खरी," काकू डावीकडच्या त्या मोकळ्या निळसर जागेकडे पाहत म्हणाल्या, "पण नावही काढलं आणि दारही. त्या पोरीला कुणी विचारलं होतं का?"

तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती, एवढेच मी सांगू शकले.